एकटीने पेनांग

‘भाभी, तिथे एकटी जाऊन तू करणार तरी काय?’

नणंदेने फोनवर विचारलेला हा प्रश्न क्वालालंपूर ते बटरवर्थ या चार तासांच्या रेल्वेप्रवासात माझ्या डोक्यात घोळत होता, आणि खरं सांगते, माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मुलगी क्वालालंपूरला नोकरी करते. तिच्याकडे महिनाभर राहायला गेले होते. दोघींनी मिळून चार दिवस पेनांग बेटावर जायचं ठरवलं, तिकिटं काढली, खोली घेतली, आणि आदल्या दिवशी तिच्या ऑफिसात ऑडिट निघालं. सुट्टी रद्द. मी म्हटलं, तिकिटं परत कर. ती म्हणाली, ‘अम्मी, तू जा.’

माझं वय एकोणसाठ. तीस वर्षं चिपळूणच्या शाळेत शिकवलं. चाळीस-चाळीस मुलींना घेऊन रायगड चढले, पण एकटीने परगावी मुक्काम कधी केला नाही. हॉटेलात एकटीने टेबलाशी बसून जेवले नाही. हे होते तेव्हा तिकिटं यांच्या खिशात, खोलीची किल्ली यांच्या खिशात, आणि काय खायचं तेही हेच वेटरला सांगायचे. हे गेल्यानंतरच्या चार वर्षांत माझा प्रवास म्हणजे मुलाची नाही तर पुतण्याची गाडी. त्यामुळे स्टेशनावर मुलीने हात हलवला तेव्हा मीही हसत हात हलवला, पण पोटात गोळा होता.

मेहरमचा प्रश्न काही भगिनींच्या मनात येईल. या बाबतीत आलिमांची मतं एकसारखी नाहीत, आणि त्यावर निकाल देणारी मी कोण? प्रत्येकीने आपल्या घरात विचारून ठरवावं. मी माझ्या मोठ्या दिरांना फोन केला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘पोचल्यावर कळव.’ आमच्या घरात याला परवानगी म्हणतात.

बटरवर्थ हे मुख्य भूमीवरचं शेवटचं स्टेशन. तिथून चालतच फेरीबोटीच्या धक्क्यावर जाता येतं. समोर बेट दिसतं. पुलावरून बस-टॅक्सीही जातात, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने बोटीनेच जावं. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, दाभोळच्या फेरीबोटीसारखा, फक्त समोरच्या काठावर माडांऐवजी उंच इमारती. बेट साधारण तीनशे चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या मुंबईच्या निम्मं. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने ते ताब्यात घेतलं आणि जॉर्जटाऊन हे बंदर वसवलं. मग चिनी आले, तमिळ मुसलमान व्यापारी आले, सुमात्राहून आचेचे लोक आले, अरब आले. त्या सगळ्यांची जुनी दुकानघरं, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, अजून उभी आहेत. २००८ मध्ये युनेस्कोने जॉर्जटाऊनला मेलाकाबरोबर जागतिक वारसा ठरवलं.

पहिल्या दुपारी मी काय केलं? बसमध्ये बसले. जुन्या शहरात कॅट नावाची फुकट बस फिरते. तिची एक पूर्ण फेरी मी खिडकीशी बसून काढली. किल्ला गेला, बाजार गेला, देवळं गेली, मशीद गेली. कुठल्या वळणावर काय आहे हे डोळ्यांत बसलं. एकट्या माणसाने नव्या गावात पहिलं काम हेच करावं असं आता माझं मत झालं आहे. हातात नकाशा धरून चौकात उभं राहिलं की आपण भांबावलेले आहोत हे गावभर कळतं. बसमध्ये बसलेली बाई कुणाच्या लक्षात येत नाही.

मग मस्जिद कपितान केलिंग. १८०१ च्या सुमारास इथल्या हिंदी मुसलमानांनी ती उभारली. त्यांचा जो मुखिया, तो कपितान. आज दिसतात ते घुमट आणि उंच मिनार नंतरचे. त्याच रस्त्यावर थोड्या थोड्या अंतराने चर्च, चिनी देवीचं देऊळ आणि मारिअम्मनचं देऊळ आहे. मी अस्रच्या वेळी पोचले. पाय दारातच अडखळला. आपल्याकडे किती गावांत बायकांनी मशिदीत पाय ठेवलेला असतो? माझ्या माहेरच्या मशिदीसमोरून मी हजार वेळा गेले असेन, आत कधी गेले नाही. इथे बायकांची जागा वेगळी, स्वच्छ. कपाटात तेलेकुंग टांगलेले असतात, म्हणजे डोक्यापासून खालपर्यंत येणारा नमाजचा पांढरा पोशाख, कुणीही घ्यावा आणि परत ठेवावा. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे पाहिलं, आपल्या शेजारची जागा हाताने पुसल्यासारखी केली आणि मला बसायला खूण केली. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. नमाज झाल्यावर मी तिथेच तासभर बसले. पंखा चालू होता. कुणी उठवलं नाही, कुणी विचारलं नाही की बाई, तुमच्याबरोबर कोण आहे.

मलेशियात बस टर्मिनलपासून दुकानांच्या संकुलापर्यंत बहुतेक ठिकाणी ‘सुराऊ’ म्हणजे नमाजाची खोली असते, बायकांची वेगळी. एकट्या बाईसाठी ती नमाजाची सोय तर आहेच, शिवाय हातपाय धुऊन घटकाभर टेकायची सुरक्षित जागाही आहे.

आता जेवणाचं. मला सर्वांत जास्त भीती याचीच होती.

पेनांगची ओळख म्हणजे नासी कांदार. नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे कावड. तमिळ मुसलमान फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन, एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला कालवण, बंदरातल्या मजुरांना विकत फिरत. आता त्यांची दुकानं झाली, नाव तेच राहिलं. या दुकानांना ‘मामाक’ म्हणतात. तमिळ मामाचा तो मामाक. परदेशात जेवायला मामाच्या घरी जायचं म्हटल्यावर माझी भीती निम्मी झाली. रांगेत उभं राहायचं, ताटात भात पडतो, समोर दहा-बारा कालवणं असतात, बोट दाखवायचं. शेवटी वाढणारा विचारतो, ‘कुआ बांजिर?’ म्हणजे सगळे रस्से भातावर ओतू का? बांजिर म्हणजे पूर. २०२१ च्या जुलैत ज्यांच्या घरात छातीइतकं पाणी शिरलं त्या चिपळूणकरांना जेवणात तरी पूर कसा चालावा! पण हो म्हटलं. मटणाचा रस्सा, माशाचं कालवण आणि डाळ एकमेकांत मिसळून जे झालं, ते आमच्या आईच्या हातच्या दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या कालवणासारखं लागलं. यापेक्षा मोठी तारीफ मला येत नाही.

ताट घेऊन मी कोपऱ्यातलं टेबल शोधत होते. मग आजूबाजूला बघितलं तर निम्मी माणसं एकेकटी जेवत होती. ऑफिसातली मुलगी, रिक्षावाला, पांढऱ्या टोपीतले एक आजोबा. कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. मी मधल्या टेबलावर बसले.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मोठी कोळंबी आणि माशाचं डोकं ताटात घेण्याआधी किंमत विचारा, बिल तिथेच फुगतं. आणि फेरीवाल्यांच्या मोठ्या आवारांत चिनी आणि मुस्लिम गाड्या शेजारी शेजारी असतात. चार कोय तियाव नावाच्या प्रसिद्ध शेवया चिनी गाडीवर बहुधा डुकराच्या चरबीत परततात. हलालची पाटी आवारावर नाही, त्या त्या गाडीवर बघायची. चहा गोड असतो, फार गोड. ‘कुरांग मानिस’ म्हटलं की साखर कमी. ही दोन शब्दांची मलय भाषा मला चार दिवस पुरली. तशी ती भाषा फार परकी नाही. साबणाला ते साबुन म्हणतात, कपाटाला अलमारी, अननसाला नानस, भाषेला बहासा, आणि नवऱ्याला सुआमी! हा शेवटचा शब्द आपल्या ‘स्वामी’वरून गेला आहे. नणंदेला सांगितलं तर ती म्हणाली, ‘बघ, तिकडेही तसंच.’

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा आणि मूर्खपणा दोन्ही केलं.

बेटाच्या वायव्य टोकाला तलुक बाहांग गाव आहे. तिथे २००३ मध्ये जाहीर झालेलं राष्ट्रीय उद्यान आहे, छोटंसं, पण खरंखुरं जंगल आणि त्यापुढे समुद्र. शहरातून १०१ नंबरची बस जाते. सुटे पैसे बरोबर ठेवा, बसमध्ये मोड परत देत नाहीत. आणि शाल ठेवा, कारण बाहेर घामाच्या धारा आणि बसमध्ये मात्र फ्रीज. उद्यानाच्या दारात नावनोंदणी होते. एकट्याने ती टाळू नये; आत गेलेली बाई परत आली की नाही हे कुणाला तरी माहीत असलं पाहिजे. पान्ताई केराचुतची वाट साधारण तीन किलोमीटर, चढउताराची, मुळांच्या पायऱ्यांची. मी सकाळी आठला सुरुवात केली आणि दर वळणावर बसत बसत दोन तासांनी पोचले. तिथे एक विलक्षण तळं आहे. वर्षाच्या काही काळात त्यात खाली समुद्राचं खारं पाणी आणि वर ओढ्याचं गोडं पाणी असे दोन थर राहतात आणि ते मिसळत नाहीत. हिरवी समुद्रकासवं या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, आणि अंडी राखून पिल्लं सोडण्याचं केंद्र तिथे आहे. आमच्या वेळासलाही कासवांची पिल्लं सोडतात, तिथली वेगळ्या जातीची, ऑलिव्ह रिडले. केंद्रावरच्या मुलाला मी हातवारे करून वेळास सांगायचा प्रयत्न केला. त्याला किती कळलं कोण जाणे, पण त्याने मला सगळी टाकी फिरवून दाखवली.

परतीला गुडघ्याने नकार दिला. बोटी असतात, पण भाडं माणशी नाही, बोटीमागे. एकट्या प्रवाशाला सगळीकडे हाच दंड पडतो. मी झाडाखाली बसून वाट पाहिली. तासाभराने केदाह राज्यातलं एक कुटुंब आलं, सासू, सून, तीन पोरं. त्यांच्या बोटीत हिस्सा दिला. पुरुष सोबत नसलेल्या बाईने कुणाशी बोट वाटून घ्यावी, तर कुटुंबाशी. आणि बोटीत बसण्याआधी पैसे ठरवावेत.

हा झाला शहाणपणा. मूर्खपणा असा, की दिवसभर मी फोनवर फोटो काढत होते. तळ्याचे, कासवांचे, माकडांचे, स्वतःच्या पायांचे. वाटेत मसाल्याच्या बागेत उतरले. तिथे जायफळाची झाडं पाहिली. डचांची मक्तेदारी मोडायला कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बेटावर जायफळ-लवंगेची लागवड करून पाहिली होती. तिथले लोक जायफळाच्या फळाचा वरचा गर वाळवून, मुरवून खातात, सरबत करतात. आमच्या वाडीत तो गर आम्ही इतकी वर्षं झाडाखालीच टाकून दिला. त्या गराचे वीस फोटो काढले आणि फोन बंद पडला.

अंधार झाला होता, पाऊस लागला होता आणि मी परतीच्या बसमध्ये होते. माझ्या लॉजचं नाव मला आठवेना. गल्लीचं नाव आठवेना. सगळं फोनमध्ये. मुलीचा नंबरही फोनमध्ये. पाठ असलेला एकच नंबर, तो आमच्या चिपळूणच्या घरच्या जुन्या फोनचा, जो आता बंद आहे. चाळीस मुलींच्या गळ्यात नावाचं आणि शाळेच्या पत्त्याचं कार्ड अडकवल्याशिवाय मी कधी सहलीची गाडी हलू दिली नव्हती. स्वतःच्या गळ्यात मात्र काही नाही. हात थंड पडले, ते बसच्या एसीने नव्हे.

शेजारी हिजाबातली एक नर्स बसली होती. तिला म्हटलं, ‘मस्जिद कपितान केलिंग.’ बाकी काही सांगता येईना. तिने कुठे उतरायचं ते दाखवलं, ड्रायव्हरलाही सांगितलं. उतरले तर मिनार दिसला. सकाळी मी मशिदीपासून चालतच निघाले होते, म्हणून तिथून मागची वाट पायांना ठाऊक होती. निळ्या दाराचं चिनी दुकान, मग सोनाराचं, मग डावीकडे. खोलीत पोचून फोन लावला. सव्वीस मिस्ड कॉल.

मुलगी रडत होती. ‘अम्मी, मी पोलिसांत जाणार होते. तुला एकटीला पाठवायलाच नको होतं. उद्या सकाळची गाडी पकड आणि परत ये.’

ती बारावीनंतर पुण्याला शिकायला गेली तेव्हा एकदा रात्री अकरापर्यंत तिचा फोन लागला नव्हता. तेव्हा मी नेमकं हेच बोलले होते, याच शब्दांत. तेव्हा तिने परत यायचं नाकारलं होतं. मी म्हटलं, ‘उद्या मी टेकडीवर जाणार आहे. पत्ता कागदावर लिहिलाय. दर तीन तासांनी कळवीन.’ बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘चार्जर घेऊन जा.’

तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे. लॉजचं नाव, रस्ता, फोन, मुलीचा नंबर, भारतीय उच्चायुक्तालयाचा नंबर, माझा रक्तगट. जी भगिनी कुठेही जाईल, पेनांग असो की पंढरपूर, तिने हा कागद आधी लिहावा आणि मगच बॅग भरावी.

टेकडीबद्दल फार सांगत नाही. २०४ नंबरची बस पायथ्याशी नेते. तिथून तिरकी रेल्वे चढते, जी १९२३ पासून आहे, डबे मात्र नवे. वर साधारण आठशे मीटरवर थंड हवा, आणि छोटी मशीद व देऊळ जवळजवळ. शनिवार-रविवार टाळा, रांगेत पाय मोडतात. सकाळी लवकर गेलं तर खालचं शहर, खाडी आणि दोन्ही पूल स्वच्छ दिसतात. नऊनंतर धुकं नाहीतर माणसं.

समुद्रस्नानासाठी बाटू फेरिंगी प्रसिद्ध आहे. माझं मत विचाराल तर कोकणातल्या माणसाने त्यासाठी इतक्या लांब जाऊ नये, आपलं गुहागर शतपटीने चांगलं. पाणी गढूळ, जेलीफिशची भीती. मात्र एक पाहिलं, मलय बायका अंगभर कपड्यांत, डोकं झाकून, पोराबाळांसह खुशाल पाण्यात खेळत होत्या. मीही गुडघाभर गेले. पर्स काठावर कुणाच्या भरवशावर ठेवायची हा एकट्या माणसाचा प्रश्न. मी ती डोक्यावर धरून उभी होते. फोटो नाही, सुदैवाने.

शेवटचा दिवस लेबु आचेला दिला. लेबु म्हणजे रस्ता. तिथली जुनी मशीद १८०८ ची, आचेहून आलेल्या सय्यद हुसेन अल-ऐदीद या व्यापाऱ्याने बांधलेली, मिनार अष्टकोनी. त्यातली एक गोल खिडकी म्हणजे १८६७ च्या दंग्यात तोफगोळ्याने पडलेलं भोक आहे, असं सांगतात. पण मला ओढ होती ती दुसऱ्या कारणाने. आगबोटींच्या काळात सुमात्रा आणि मलायाच्या उत्तर भागातले हाजी पेनांगला येऊन जहाज धरत. याच गल्लीत त्यांचे मुक्काम, त्यांचे दलाल, त्यांची दुकानं. या गल्लीला दुसरं जेद्दाह म्हणत. माझे नाना मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात जहाजाची वाट पाहत काढलेल्या दिवसांच्या गोष्टी ते हजपेक्षा जास्त सांगायचे. मुंबईची ती जहाजं १९९५ मध्ये थांबली. लेबु आचेच्या पायरीवर बसले तेव्हा नानांची पत्र्याची पेटी आठवली, ज्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव रंगवलेलं होतं. म्हणजे पत्ता लिहून ठेवायची अक्कल आमच्या घरात होती.

वेळ उरला तर पी. रामलींचं घर पाहा. मलय सिनेमाचे सर्वांत लाडके गायक-नट, १९२९ मध्ये याच बेटावर जन्मले. त्यांच्या ‘हांग तुआ’ या १९५६ च्या चित्रपटाचे दिग्दर्शक आपल्याकडचे फणी मजुमदार. साधं लाकडी घर, बाहेर झाडाची सावली.

कधी जावं? जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस सर्वांत कमी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वांत जास्त. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे, तिकीट काढण्याआधी चौकशी करा. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा फॉर्म मात्र ऑनलाइन भरावा लागतो. एक रिंगिट म्हणजे वीसेक रुपये.

चिपळूणला परतल्यावर नणंद भेटायला आली. तिला मुरवलेल्या जायफळाची पुडी दिली. तिने एक तुकडा तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं, आणखी एक घेतला. मग विचारलं, ‘ती टेकडीवरची गाडी. तिच्यात बसायला गुडघे लागत नाहीत ना?’